मोकळ्या पायाची शिडी

होळी जळली की दुसऱ्या दिवसापासून नागपूरच्या वेशीवरच्या आमच्या वाडीत रस्त्याच्या कडेला कुलरच्या गवताचे ढीग लागतात. टेम्पो थांबतो, गाठोडी फेकतो, पुढे जातो. त्या गवतावर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटतो ना, तो नागपूरच्या माणसाला झोपेतसुद्धा ओळखता येतो. यंदाही तो आला. मी शेडच्या दारात चहाचा ग्लास घेऊन उभी होते. समोरच्या गोदामात ट्रक मागे घेणं चाललेलं, क्लीनर "आने दो, आने दो" ओरडत होता. आणि मला तो उन्हाळा आठवला, ज्या उन्हाळ्यात आम्ही या वाडीत बसून जहाजावर चढायची शिडी बनवली.

हो, जहाजावर. हसा खुशाल. तेव्हाही सगळे हसलेच होते.

पानठेल्यावर तर कहर झाला होता. "काय गा, अंबाझरीच्या तलावात जहाज सोडून राहिले का?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "फुटाळ्यात सोडा, तिथं गर्दी राहते." मी तोंडाला दुपट्टा बांधलेला होता, त्यामुळे माझे दात-ओठ खाणं कोणाला दिसलं नाही. मनात म्हटलं, थांबा लेकहो, हातच्या कंकणाला आरसा कशाला, शिडी बनू द्या.

आमची शेड म्हणजे बाबांची शेड. बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात वेल्डर होते. उभी नोकरी राख आणि ठिणग्यांमध्ये काढली. रिटायर झाल्यावर माणूस देवळात जाऊन बसतो, बागेत फिरतो; बाबांनी वाडीत पत्र्याची शेड टाकली. उन्हाळ्यात कुलरचे स्टँड, एप्रिलमध्ये जयंतीच्या कमानी, आणि बाकी वर्षभर गोदामांसाठी लोखंडी रॅम्प. ट्रकाच्या फाळक्याला लावायचा, त्यावरून हमाल पोती घेऊन चढ-उतार करतात, तो रॅम्प. ट्रक उंच असो की बुटका, आमचा रॅम्प त्याला बरोबर लागायचा, कारण बाबांनी त्याला वर-खाली करायची सोय ठेवली होती. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले आणि रोज सकाळी परत शेडमध्ये यायला लागले. माहेरची ओढ म्हणा, मला तर लोखंडाची जास्त होती.

एका गोदामवाल्याकडे आमचा रॅम्प पाहून बंदराचं काम घेणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं विचारलं, ट्रकाला लावायचं बनवता तर जहाजाला लावायचं बनवाल का? बाबा म्हणाले, "काहून नाही? चढायचंच आहे नं." तो उन्हाळा असा सुरू झाला.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्याचं म्हणणं बरेच दिवस एकच होतं, की बाबांचे गुडघे गेले, आता शेड बंद करा आणि जागा गोदामाला भाड्यानं द्या. वाडीत गोदामाला जागा हवी असणारे रांग लावून उभे असतात, एक तर दादाच्या मागेच लागला होता. दादा वाईट नाही हो. त्याला बाबांची काळजी होती. पण फोनवर त्यानं मला म्हटलं, "शीला, तू एकटी किती दिवस ओढशील? हा एक उन्हाळा पाहू. ही शिडी बंदरावर लागली तर शेड तुझी, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही लागली तर किल्ली गोदामवाल्याला."

मी म्हटलं, "मंजूर." आणि फोन ठेवल्यावर शेडभर एक चक्कर मारली. शेड गेली असती तर मी काय केलं असतं? घरी पापड लाटले असते? मला गोल लाटता येत नाहीत, लोखंड मात्र सरळ कापता येतं.

ज्यांनी जहाजाची शिडी पाहिली नाही त्यांना सांगते, कारण आम्हीही पाहिली नव्हती. ती ट्रेलरभर लांब असते. वरचं टोक जहाजाच्या काठाला लागतं, खालचं धक्क्यावर टेकतं, दोन्ही बाजूंना कठडा, खाली जाळी. पण खरी गंमत पायऱ्यांची. साध्या शिडीच्या पायऱ्या शिडी जशी तिरपी होईल तशा तिरप्या होतात. हिच्या होत नाहीत. दोन बाजूंना दोन-दोन पट्ट्या असतात, त्यांच्यात पायऱ्या खिळीवर फिरत्या बसवलेल्या. शिडी उभी करा, आडवी करा, पायरी आपली सपाटच राहते, पाटावर ताट ठेवावं तशी. पहिल्यांदा आम्ही तीन पायऱ्यांचा नमुना बनवला आणि मी तो वर-खाली करून पाहिला. पायऱ्या एकदम वळल्या, पुन्हा वळल्या, आणि सपाट. मी तो नमुना इतक्या वेळा हलवला की आमचे मुख्य वेल्डर इस्माईलभाई म्हणाले, "बस करो बेटा, खिळ्या झिजतील." पण थोड्या वेळानं पाहते तर तेच हलवून पाहत होते.

आणि ऊन! नागपूरच्या उन्हाबद्दल बाहेरच्याला काय सांगायचं. लोखंड सकाळी दहाला तापायला लागतं आणि दुपारी त्याला हात लावला की फोड. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात शेडची वेळ बदलते. उजाडायच्या आधी काम सुरू, दुपारी बंद, आणि सावली लांब झाली की पुन्हा सुरू. पहाटेच्या गारव्यात ग्राइंडरचा आवाज वाडीभर जायचा. नऊ वाजता तर्रीपोहे यायचे आणि इस्माईलभाई "तर्री कम है" म्हणून रोज भांडायचे. दुपारी बाबा ओल्या बारदानावर आडवे व्हायचे, मी पन्ह्याचा मोठा गडू घेऊन यायचे. बारदानाचा, वेल्डिंगच्या धुराचा आणि कैरीचा असा एक मिसळलेला वास माझ्या नाकात आजही आहे. कोणी मला विचारलं सुख कशाला म्हणतात, तर मी तो वास सांगेन. बाहेर अमरावती रोडवर ट्रकांची रांग थरथरत असायची आणि आत आमची शिडी दिवसादिवसानं लांब होत होती. येणारे-जाणारे ट्रकवाले थांबून बघायचे. पानठेल्यावरचे हसणारेही एकेक करून येऊन गेले. एक जण म्हणाला, "बाप्पा! हे तं खरंच बनवून राहिले." मी फक्त दुपट्टा सोडून चेहरा दाखवला.

आता या शिडीच्या खालच्या टोकाला दोन रुंद चाकं होती. कंपनीच्या नकाशात तशीच दाखवलेली. बाबांनी नकाशा पाहिला, मान हलवली आणि म्हणाले, "चाक ठीक आहे, ओढत न्यायले बरं. पण जागेवर आली की पाय पक्का पाहिजे." आणि त्यांनी दोन्ही चाकांना अडसर बसवले. लोखंडी पंजे, जमिनीत रुतणारे, वर साखळी. मी पाहिलं, इस्माईलभाईंनी पाहिलं, आणि आम्हा कोणालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. का वाटेल? नागपुरात शिडी लावली की कोणीतरी तिच्या पायाशी उभं राहतं. कुलरच्या टाकीत पाणी भरायचं असो की जयंतीची लायटिंग लावायची असो, वरचा माणूस पहिल्यांदा ओरडतो, "पाय धरला का गा?" आणि बाबांच्या घरात तर तो नियम नव्हता, ते व्रतच होतं. त्यांचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा, वस्तीत कमानीवर दिवे बांधताना शिडीवरून पडले होते. खाली धरणारा पाणी प्यायला गेला होता. मोठेबाबा जन्मभर लंगडले. त्यानंतर बाबांनी न बांधलेल्या शिडीवर ना स्वतः पाय ठेवला ना कोणाला ठेवू दिला.

शिडी पूर्ण झाली आणि कंपनीकडून तपासायला तांडेल साहेब आले. माणूस कोकणातला, बंदरावर आयुष्य गेलेलं, समुद्राचं वारं अंगावर घेऊन वाढलेला. वाडीच्या उन्हात गाडीतून उतरले आणि जागेवर थांबलेच. "अहो, हे रोज असंच असतं?" त्यांनी विचारलं. बाबांनी त्यांच्या हातात एक कांदा ठेवला. "याचं काय करू?" "खिशात ठेवा जी. लू लागत नाही." साहेबांनी निमूट कांदा खिशात ठेवला. मला माणूस आवडला.

चाचणी अशी होती. वरचं टोक हायड्राच्या हुकाला, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या क्रेनच्या हुकाला लावायचं. खालचं टोक आमच्या अंगणातल्या काँक्रीटवर. हायड्रा म्हणजे जहाज असं समजायचं आणि हुक वर-खाली करायचा. सुरुवातीला शिडीवर रेतीची पोती ठेवली. बोजा शिडीनं असा पेलला की बाबांची छाती चार बोटं फुगली. मग साहेब म्हणाले, "आता वर घ्या. भरती आली."

हुक वर गेला. शिडी उभी व्हायला लागली, पायऱ्या छान सपाट राहिल्या, आणि खालून कर्रर्र असा आवाज आला. अडसरांचे पंजे काँक्रीटला धरून बसले होते. साखळी ताणली गेली. "थांबवा!" साहेब ओरडले, पण तेवढ्यात धाडकन पाय उसळला आणि खालचा कठडा वाकडा झाला. धुळीचा लोट उठला. पानठेल्यावरचे दोघे-तिघे फाटकाशी उभे होते, त्यांच्यापैकी कोणीही हसलं नाही, आणि ते न हसणं मला जास्त लागलं.

तांडेल साहेब रागावले नाहीत. घाम पुसत म्हणाले, "शिडी सुंदर आहे, पण हिचा पाय मोकळा हवा. जहाज दिवसातून दोनदा वर जातं, दोनदा खाली येतं. माल चढला की आणखी खाली बसतं. वर गेलं की शिडीचा पाय धक्क्यावर आत, जहाजाकडे सरकतो, खाली आलं की बाहेर. तो धरून ठेवला तर काहीतरी मोडणारच. अडसर काढा, कठडा नीट करा, मी अकोल्याचं काम उरकून परत येतो."

"मोकळ्या पायाच्या शिडीवर मी माणूस चढू देणार नाही," बाबा म्हणाले.

"मग मला ही घेता येणार नाही," साहेब म्हणाले. आणि गेले.

त्या दुपारी पन्हं कोणी प्यालं नाही. मी बाबांशी भांडले, खरंखुरं भांडले. म्हटलं, "बाबा, साहेब समुद्रावरचे आहेत, त्यांना माहीत आहे." बाबा म्हणाले, "मले शिडी माहीत आहे." मी म्हटलं, "तुमच्या हट्टापायी शेड जाईल." तर म्हणाले, "गेली तं गेली. कोण्या खलाश्याचा पाय मोडला तं? त्याची मायबहीण मले शिव्या देईन. तुह्या मोठ्याबाबाले पाहिलं नाही का वं तू?" मला रडूही आलं, रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस काहीच करत नाही. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

समोरच्या गोदामात सिमेंटचा ट्रक उतरत होता, आमच्याच रॅम्पवरून. रोजचं दृश्य, कोण बघतं? पण त्या दिवशी माझे डोळे त्यावर खिळले. अर्धी पोती उतरल्यावर एक हमाल थांबला, वाकला आणि रॅम्पच्या पायाची साखळी एक कडी ढिली केली. मग पायाला लाथ मारून तो थोडा आत सरकवला आणि पुन्हा पोतं घ्यायला गेला. मी धावतच आत आले. "बाबा, उठा. बाहेर या."

"गुडघे दुखतात."

"दुखू द्या. या."

आम्ही दोघं फाटकात उभे राहिलो. ट्रक रिकामा होत गेला तसा त्याचा फाळका हळूहळू वर आला, आणि हमालानं पुन्हा साखळी ढिली केली. बाबा बघत राहिले. मग हमालाला म्हणाले, "काहून ढिली करून राहिला गा?" तो म्हणाला, "काका, नाही केली तं रॅम्प वाकते नं. ट्रक वर येते." बाबा म्हणाले, "आं." एवढंच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपला ट्रक एकदा वर येते. त्याईचं जहाज थांबतच नाही, असंच नं?" मी म्हटलं, "असंच."

आम्हा नागपूरकरांची ही गंमतच आहे. आम्ही ज्यावर चढतो ते जागेवर उभं असतं. झाड, गच्ची, किल्ला, फार तर ट्रक. खालची जमीन पक्की, वरची जागा पक्की, मग शिडी पक्की केली की झालं. वरची जागाच श्वास घेतल्यासारखी हलते हे आमच्या डोक्यात येणार कसं? मला याची लाज वाटत नाही. समुद्र न पाहता समुद्राची वस्तू बनवायला घेतली, तर एक चूक आमच्या हक्काची होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शेडवर पोचले तर आत ग्राइंडर चालू होता. बाबा स्टुलावर बसून स्वतः अडसर कापत होते. ठिणग्या त्यांच्या पायाशी पडत होत्या. इस्माईलभाई बाजूला हात बांधून उभे, मला खुणेनं म्हणाले, मत बोलो. चाकांना बाबांनी दोन्ही बाजूंनी रुंद पट्ट्या लावल्या, म्हणजे पाय मागे-पुढे सरकेल पण आडवा जाणार नाही. ते नकाशात नव्हतं. ते बाबांचं होतं.

तांडेल साहेब परत आले. येताना खिशात कांदा घेऊनच आले, त्यावर इस्माईलभाई इतके खूश झाले की साहेबांना दोन प्लेट तर्रीपोहे खाऊ घातले आणि साहेबांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. पोती ठेवून झाली, हुक वर-खाली झाला, पाय अलगद आत गेला, अलगद बाहेर आला. साहेब म्हणाले, "आता माणूस." मी दुपट्टा कमरेला खोचला आणि पुढे झाले.

"तू थांब," बाबा म्हणाले. "मी चढतो."

"बाबा, गुडघे..."

"गुडघे मले आहे, तुले नाही."

आणि माझे बाबा, जे मोकळ्या पायाच्या शिडीला कधी शिवले नव्हते, कठडा धरून एकेक पायरी चढत मध्यावर गेले आणि उभे राहिले. खाली कोणी पाय धरलेला नव्हता. मला अजून आठवतं, मी माझा श्वास धरून ठेवला होता, जणू त्यानं काही होणार होतं. "घ्या वर," बाबांनी हायड्रावाल्याला हात केला. शिडी उठली. बाबांच्या तळव्याखालची पायरी वळली आणि सपाटच राहिली. खाली चाकं आवाज न करता सरकली. बाबा वर वर जात होते, ताठ, ऊन तोंडावर घेत, आणि मग त्यांनी जोरात हाक मारली, "अजून घे गा! अजून वर!" फाटकाशी टाळ्या पडल्या. कोण कोण होते कोणास ठाऊक, अख्खी वाडी जमली होती. अभिमान अभिमान म्हणतात तो मला त्या दिवशी सापडला.

शिडी ट्रेलरवर चढून अमरावती रोडनं गेली तेव्हा पानठेलेवाल्यानं तिच्यावर झेंडूची माळ टाकली. त्यानं त्या दिवशी आम्हा सगळ्यांना फुकट चहा पाजला, आणि मी त्याला मागचं सगळं माफ केलं. जवळजवळ सगळं.

ती बसवायच्या दिवशी आम्ही बंदरावर गेलो. दादा पुण्याहून थेट तिथं आला. बाबांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. एक नजर टाकून म्हणाले, "पाणी बरंच आहे." बस. मला वाटलं होतं काहीतरी मोठं बोलतील. पण त्यांची नजर पाण्यावर नव्हतीच, ती आमच्या शिडीवर होती. उंच, गंजक्या लाल रंगाचं जहाज आणि त्याला टेकलेली आमची वाडीची शिडी, नव्या पिवळ्या रंगात. भरती चढत होती. मी खाली वाकून चाकं पाहिली. सरकताना दिसत नव्हती, पण मी खडूनं जमिनीवर खूण केली आणि चहा पिऊन आले तर चाक खुणेच्या पुढे गेलं होतं.

दादा तांडेल साहेबांबरोबर वर गेला, जहाज बघायला. आम्ही दोघं धक्क्यावर एका मोठ्या दोराच्या वेटोळ्यावर बसलो. खलाशी येत होते, जात होते. एकाच्या खांद्यावर कांद्याचं पोतं, एकाच्या हातात भाजीच्या पिशव्या, दोघं तर भांडत भांडतच उतरले. बाबा त्यांना असे टक लावून बघत होते की मला वाटलं, कोणी ओळखीचा दिसला की काय.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. पाहून राहिलो."

तेवढ्यात वर दादा दिसला. त्याचा फोन वाजला, त्यानं कानाला लावला आणि बोलत बोलतच शिडी उतरायला लागला. एक हात फोनला, दुसरा हवेत, समोरच्याला समजावत. कठड्याला हात नाही. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"शीला, पाह्य," ते म्हणाले. "सकाळपासून इतके माणसं उतरले, एकानंही शिडीच्या पायाकडे पाहिलं नाही. हा बी पाहून नाही राहिला."

खरंच दादा बघत नव्हता. शिडी त्याच्या पायाखाली भरतीबरोबर उठत होती आणि त्याला पत्ताच नव्हता. तो थेट आमच्यापर्यंत आला, फोन तसाच कानाला, आणि पुण्यात इतकी वर्षं राहूनही एकदम आपल्या बोलीत म्हणाला, "नाही जी, गोदामासाठी जागा नाही भेटणार. नाही, भाड्याचा सवालच नाही. तिथं जहाजाच्या शिड्या बनतात."